फियाटला इलेक्ट्रिक पंखा: रेडिएटरपासून रिलेपर्यंत

फियाट पळताना सहसा तापत नाही, उभी राहिली की तापते. टोलनाक्याची रांग असो नाहीतर मे महिन्यातला चांदणी चौक, तापमानाचा काटा हळूहळू वर चढायला लागतो आणि आपला पाय आपोआप रेसवर जातो. त्या पायाला नकळत बरोबर कळलेलं असतं. प्रीमियर पद्मिनीचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला, पट्ट्यावर फिरणारा. १०८९ सीसीचं ते इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर धुगधुगत असतं तेव्हा पंखाही तितकाच आळसावतो. रेस दिली की वारा वाढतो, पण पेट्रोलही जास्त जळतं आणि उष्णताही वाढते. इलेक्ट्रिक पंख्याचं तसं नाही. इंजिन आयडलला असो की दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत असो, तो आपल्या दोन हजारांवर फेऱ्यांनी फिरतो.

१९८३ साली मारुती ८०० आली ती इलेक्ट्रिक पंखा घेऊनच, आणि तो काही चैनीसाठी नव्हता. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, रेडिएटर मात्र समोर तोंड करून, त्यामुळे पट्ट्यावरचा पंखा लावायला जागाच नव्हती. आपल्या फियाटचं इंजिन उभं, म्हणून तिला पट्ट्याचा पंखा मिळाला. तो बदलून मारुतीच्या जातीचा पंखा बसवायचं काम शनिवार-रविवारात होतं. मी एकदा दुसऱ्याकडून करून घेतलं, मग सगळं उचकटून स्वतः केलं. खाली लिहितोय ते त्या दुसऱ्या वेळचं.

आधी गाडी कधी तापते ते बघा

या कामात बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. पंखा वाऱ्याचा प्रश्न सोडवतो, पाण्याचा नाही. गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये रांगताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर वारा कमी पडतोय. पंखा लावा, फरक दिसेल. पण साठ-सत्तरच्या वेगात, समोरून भरपूर वारा येत असताना काटा चढत असेल, तर कितीही मोठा पंखा लावलात तरी ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथे दुखणं पाण्याच्या वाटेत आहे, नाहीतर इंजिनमध्ये.

पाण्याची वाट तपासायला सकाळी, गाडी गार असताना रेडिएटरचं टोपण उघडा. पाणी गढूळ-तांबूस असेल तर आत गंज आणि क्षार साचलेत. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बंद असणं मुळीच नवलाचं नाही. गाडी गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवा (जवळून फिरवा, टेकवू नका). मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी वाहत नाहीये. असा रेडिएटर कारागिराकडे नेऊन टाकी उघडून नळ्यांत सळी फिरवून घ्या. खालचा होस रेस दिल्यावर चपटा होतोय का बघा. आतली स्प्रिंग गंजून गेली की पंप त्याला शोषून बंद करतो. टोपणाचं रबर दाबून बघा. आणि टोपण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर लेख इथेच मिटवा आणि हेड गॅसकेटचं (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचं) बघा.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, एक तक्रार नोंदवतो. जुनी गाडी तापते म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत थर्मोस्टॅट काढून फेकणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. "आपल्याकडे थंडी कुठंय?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. थर्मोस्टॅट काढला की पाणी थांबत नाही, इंजिन सकाळी फार वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि आपला पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचला स्थिर तापमान मिळत नाही. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. जुना तपासायचा तर भांड्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवा, दोऱ्याने थर्मोस्टॅट लटकवा, शेजारी थर्मामीटर. ऐंशीच्या थोडं पुढे उघडायला लागून पाणी उकळण्याआधी पूर्ण उघडला तर तो शाबूत आहे.

टोपणही साधी गोष्ट नाही. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, उघडं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच. टोपण दाब धरून ठेवतं म्हणून ते पुढे ढकललं जातं. ०.९ बार लिहिलेलं टोपण धडधाकट असेल तर उकळबिंदू ११५ च्या पुढे जातो. मात्र पितळी-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला नव्या गाडीचं जास्त दाबाचं टोपण लावू नका. झाळलेले सांधे सुटतात. मूळचा आकडा तोच आपला आकडा.

पंखा कोणता, आणि कुठल्या बाजूला

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. लहान गाड्यांचे सुटे पंखे अशा बाजारांत ढिगाने मिळतात. ८०० किंवा अल्टोच्या जातीचा, पात्यांचा व्यास ३०० मिमीच्या आसपासचा पंखा फियाटला पुरतो. जुना घ्यायचा तर दुकानातच बॅटरीला लावून बघा. आवाज एकसारखा घुमणारा हवा, खरखर नको. पातं हाताने वर-खाली हलवा. बुशमध्ये खेळ असेल तर तो पंखा सहा महिन्यांचा सोबती. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर करंट मोजून आकडा वहीत लिहा, कारण फ्यूज आणि वायर त्या आकड्यावर ठरणार आहेत. या मापाचे पंखे बहुधा ७ ते १० ॲम्पियर खातात. १४-१५ च्या वर जात असेल तर मोटर दमलेली आहे.

जाण्यापूर्वी घरी तीन मापं घ्या: जाळीची लांबी, रुंदी, आणि जाळीच्या मागच्या बाजूपासून वॉटर पंपाच्या पुलीपर्यंतचं अंतर. हे तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. पंख्याची मोटर आणि पुली यांच्यात किमान २०-२५ मिमी मोकळी जागा लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर उभं असतं. जोरात ब्रेक मारला की ते पुढे झुकतं, आणि माउंटिंग जुनी असतील तर चांगलंच झुकतं. उभ्या गाडीत बोटभर दिसणारी फट खड्ड्यात शिल्लक राहतेच असं नाही.

पंखा इंजिनच्या बाजूला, म्हणजे जाळीतून हवा ओढणारा, लावता आला तर तोच लावा. पुढच्या बाजूने, ग्रिलमागून हवा ढकलणारा पंखा हायवेला जाळीसमोर अडथळा होऊन बसतो. जागाच नसेल तर पुढून लावा, पण मग पट्ट्यावरचा मूळ पंखा तसाच ठेवा आणि हा जोडीला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. वरंधा किंवा कसारा चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, इंजिन मात्र चढ्या फेऱ्यांवर. त्या क्षणी पट्ट्यावरचा पंखा उत्तम काम करत असतो. कमकुवत इलेक्ट्रिक पंखा त्याच्यापेक्षा वाईट ठरू शकतो. शहरात गाडी गार आणि घाटात गरम, असं उलटं झालेली माणसं मला भेटली आहेत. म्हणून मूळ पंखा काढायचा असेल तर शराउडशिवाय, म्हणजे पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या पेटीशिवाय, काढू नका. त्याविषयी पुढे.

मूळ पंखा उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिन पूर्ण गार असू द्या. रेडिएटरचं पाणी काढून घ्या, तो बाहेर काढला तर हात नीट चालतो आणि जाळी पाठीमागून धुऊन घेता येते. धुताना पाण्याचा फवारा इंजिनच्या बाजूने पुढे मारायचा. किडे, पानं, धूळ ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर जाते.

पंख्याचे बोल्ट खोलताना थांबून बघा. तेच बोल्ट पुलीलाही धरून ठेवतात. पंखा काढून तेच बोल्ट परत लावले तर पंख्याच्या जाडीइतके ते लांब पडतात: बोल्ट तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि पुली मात्र सैल राहते. शंभर किलोमीटरवर ती खुळखुळायला लागते. एक तर तितके आखूड, त्याच आट्यांचे चांगल्या प्रतीचे बोल्ट आणा, नाहीतर पंख्याच्या पट्टीइतक्या जाडीचे वॉशर घाला. स्प्रिंग वॉशर विसरू नका. पट्टा तसाच राहणार आहे, कारण वॉटर पंप आणि डायनामो त्याच्यावरच फिरतात. अंगठ्याने दाबून साधारण १०-१२ मिमी दबेल इतका ताण ठेवा.

बसवणं आणि शराउड

बाजारात प्लॅस्टिकच्या टायचा संच मिळतो. टाय जाळीतून आरपार ओवायची, पंखा आवळायचा, काम दहा मिनिटांत फत्ते. करू नका. पंख्याच्या थरथरीने ती टाय नळ्या घासत राहते आणि एके दिवशी पाण्याची बारीक धार सुटते. पंख्याचं वजन रेडिएटरच्या चौकटीवर किंवा बॉडीच्या आडव्या पट्टीवर आलं पाहिजे, जाळीवर नाही.

२५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्या. रेडिएटर ज्या बोल्टांनी बॉडीला धरलाय त्याच भोकांवर ते उभे बसवा. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून लावून बघा, मग पट्टी वाकवा. प्रत्येक बोल्टाखाली रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) घाला. पातं आणि जाळी यांत १०-१५ मिमी अंतर हवं. वेल्डिंग करायचं असेल तर पट्ट्या गाडीबाहेर काढूनच करा. रेडिएटरशेजारी ठिणग्या उडवणं म्हणजे झाळ वितळवायला आमंत्रण.

आता शराउड. चौकोनी जाळीमागे गोल पंखा लावला की चारही कोपरे कोरडे राहतात, पंखा फक्त आपल्यासमोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो. बारीक पत्र्याची किंवा ॲल्युमिनिअमची उथळ पेटी करा, २० गेजचा पत्रा पुरे. पेटीच्या कडा जाळीच्या चारी बाजूंना भिडलेल्या, मध्ये पंख्याच्या व्यासापेक्षा १०-१२ मिमी मोठं गोल भोक. पातं त्या भोकात निम्मं आत, निम्मं बाहेर. कडेला दार-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे हवा फटीतून पळवाट काढणार नाही. माझ्या गाडीला शराउड नसताना आणि असताना, दोन्ही वेळा त्याच मोटरने काम केलं. शराउड लागल्यावर पंखा चालू राहण्याचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. कुठल्याही महागड्या पंख्यापेक्षा हा पत्रा जास्त कामाचा.

एक खोट त्याला आहे. हायवेला समोरून येणाऱ्या वाऱ्याला पेटीचा पत्रा अडवतो. पेटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना चौकोनी भोकं पाडून त्यावर जाड रबराचे पडदे फक्त वरच्या कडेला रिव्हेट करा, बाहेरच्या बाजूने. पंखा ओढतो तेव्हा ते चिकटून बंद होतात, वेगात वाऱ्याने उघडतात. सायकलची जुनी ट्यूब चालते.

तापमानाचा स्विच

पंखा कधी लागायचा हे ठरवणारा थर्मोस्विच पितळी असतो, आट्यांचा, ठरावीक तापमानाला आतली पट्टी वाकून संपर्क जोडणारा. त्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९२/८७. म्हणजे ९२ ला चालू, ८७ ला बंद. बंदचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा. ८२ चा थर्मोस्टॅट आणि ८० ला बंद होणारा स्विच अशी जोडी जमवली तर पंखा दिवसभर थांबणारच नाही.

बसवायला सोपी जागा वरच्या होसमध्ये. होसच्या आतल्या मापाचा, मध्ये आट्यांचं भोक असलेला ॲल्युमिनिअमचा नळीचा तुकडा लेथवाल्याकडून करून घ्या. होस मधोमध कापा, तुकडा घाला, दोन्हीकडे क्लिप. स्विचचं टोक वाहत्या पाण्यात बुडालं पाहिजे. खालच्या होसमध्ये बसवायचा तर तिथलं पाणी रेडिएटरमधून गार होऊन आलेलं असतं, म्हणून आकडा आठ-दहा अंशांनी कमीचा घ्या.

एक पिनचा स्विच असेल तर त्याची दुसरी बाजू अंगाने अर्थ होते. पण होसमधल्या तुकड्याला दोन्हीकडे रबर आहे, तो हवेत लटकतोय, त्याला अर्थ नाहीच! दोन पिनचा स्विच घ्या, म्हणजे कटकट नाही. एक पिनचाच मिळाला तर तुकड्याला स्क्रू मारून वेगळी अर्थ वायर काढा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तांब्याचं वॉशर वापरा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आकडे दाखवणारी छोटी डिजिटल तापमान-पाटी मिळते. टेबलावर छान चालते. बोनेटखाली धूळ, पाणी आणि थरथर सोसायला ती बनलेली नाही. तसंच होसच्या क्लिपखालून सेन्सरची बारीक वायर आत सरकवायचा प्रकार: तिथून पाणी झिरपणार म्हणजे झिरपणार.

वायरिंग

माझ्या गाडीचं पहिलं वायरिंग एका गॅरेजमध्ये झालं. पंख्याची लाल वायर सरळ चावीच्या स्विचला, काळी जवळच्या स्क्रूला, मध्ये ना फ्यूज ना रिले. पंधरा दिवस झकास चाललं. मग एका दुपारी खंडाळ्याच्या चढावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल. चावी फिरवायला हात लावला तर चटका बसला. बाजूला घेऊन डॅशबोर्डखाली वाकलो. चावीच्या मागून येणारी वायर ओली दिसत होती, बोटाला चिकट. ते पाणी नव्हतं, वितळलेलं आवरण होतं. लाल आणि निळी वायर एकमेकींत रुतलेल्या, अजून मिनिटभरात भिडल्या असत्या. बॅटरी काढली आणि पहिल्यांदा शांतपणे विचार केला: १९७० च्या दशकातल्या त्या स्विचवर इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी), मीटर, दिवे यांच्याखेरीज आणखी दहा ॲम्पियर कोणी चढवायला सांगितले होते?

अशा वायरिंगचा दुसरा त्रास मजेशीर आहे. चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार गचके चालूच राहतं. चालत्या गाडीत पंखा वाऱ्याने फिरत असतो, फिरती मोटर डायनामो होते आणि त्याच वायरीने उलटी वीज कॉइलला पाठवते.

म्हणून रिले, म्हणजे बारीक करंटवर जाड करंट चालू-बंद करणारा स्विच. शे-दीडशे रुपयांची चौकोनी डबी, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० ॲम्पियर. तळाला आकडे कोरलेले असतात: ३०, ८७, ८५, ८६. पहिल्या दोन पिना जाड कामाच्या, पुढच्या दोन बारीक कामाच्या. ८५-८६ मध्ये आतली कॉइल, ती जेमतेम ०.१५ ते ०.२ ॲम्पियर घेते. तेवढाच भार चावीवर आणि थर्मोस्विचवर. पंख्याचे दहा ॲम्पियर बॅटरीतून ३० ला येतात आणि ८७ मधून पंख्याकडे जातात. पाचवी, ८७ए नावाची पिन असेल तर ती मोकळी सोडून टेप लावा.

पहिली जाड वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजकडे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कसलंही संरक्षण नसतं, तिथे वायर बॉडीला घासली तर थेट आग. पंखा १० ॲम्पियरचा असेल तर २० चा पात्याचा (ब्लेड) फ्यूज घाला, कारण सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढला जातो. फ्यूजपासून रिलेच्या ३० ला.

दुसरी जाड वायर ८७ पासून पंख्याच्या पॉझिटिव्हला. तिसरी पंख्याच्या निगेटिव्हपासून बॉडीला: रंग खरवडून चकचकीत पत्रा, दातेरी वॉशर, वरून व्हॅसलीन. तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची मूळ अर्थ पट्टी हिरवी पडलेली असेल तर तीही बदला.

तिन्हींना २.५ चौ. मिमी तांब्याची, गाड्यांसाठीचीच वायर. हिशेब सोपा आहे. १ चौ. मिमीची वायर जाऊन-येऊन तीन मीटर वापरली तर १० ॲम्पियरला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो, २.५ मध्ये ०.२ च्या आसपास. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटेल, पण पंख्याची ताकद व्होल्टेजच्या प्रमाणापेक्षा फार वेगाने घसरते. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका, तिचं आवरण ७० अंशांच्या हिशेबाचं असतं. बोनेटखाली, मॅनिफोल्डशेजारी ७० म्हणजे काहीच नाही.

आता बारीक वायरी, १ चौ. मिमी पुरे. ८६ ला चावी चालू केल्यावरच वीज येणारी जागा हवी. फ्यूज बॉक्सवर टेस्ट लॅम्प लावून अशी पिन शोधा आणि मध्ये ५ ॲम्पियरचा छोटा फ्यूज घाला. इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घ्यायचा मोह होतो, पण तिथे काही गडबड झाली तर गाडी रस्त्यातच बंद पडते. प्रज्वलनाची वायर तिच्या कामाला सोडून द्या.

८५ ची वायर डॅशबोर्डवरच्या तीन जागांच्या टॉगल स्विचच्या मधल्या पिनला न्या. एका बाजूची पिन थर्मोस्विचच्या एका टोकाला, थर्मोस्विचचं दुसरं टोक अर्थला. दुसऱ्या बाजूची पिन सरळ अर्थला. झाली तीन कामं: खाली म्हणजे आपोआप, वर म्हणजे कायम चालू, मध्ये म्हणजे बंद. घाट सुरू होण्याआधी वर करा. मधली जागा पावसाळ्यासाठी आहे. साचलेल्या पाण्यातून जाताना फिरतं पातं पाणी कापायला जातं, वाकतं आणि जाळीत घुसतं, निदान फ्यूज तरी उडतो. पाण्यातून बाहेर पडलात की लगेच खाली करायला विसरू नका. विसरायला होतंच, म्हणून ८७ वरून एक बारीक वायर, १ ॲम्पियरचा फ्यूज घालून, डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्याला द्या. पंख्याला वीज मिळते तेव्हा तो पेटतो. काटा वर आणि दिवा विझलेला दिसला की काय चुकलंय ते कळतं.

वायरीच्या टोकांना लग (जोडायची धातूची टोकं) दाबताना क्रिम्पिंगची पक्कडच वापरा, साधी पक्कड नव्हे. दाबल्यावर लग धरून वायर जोरात ओढा. सुटायची असेल तर आत्ता सुटू दे. सोल्डर करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण कथील तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. सगळं नालीदार नळीत घाला, दर वीतभर अंतरावर बांधा, पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट. रिले मडगार्डच्या आतल्या बाजूला, पिना खाली करून, म्हणजे पाणी साचणार नाही.

पंखा लावल्यावर हवा कोणत्या दिशेने जाते ते बघा. ग्रिलसमोर कागद धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. उलटा उडाला तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. पण पात्यांचा बाकही त्याच दिशेचा हवा. नुसती दिशा फिरवलेला चुकीच्या बाकाचा पंखा आवाज पूर्ण करतो, वारा अर्धाच.

डायनामोवाल्यांसाठी

जुन्या पद्मिनीला डायनामो असेल तर इथे गंभीर व्हा. डायनामो आयडलला जवळपास काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो ते त्याचंच लक्षण. आणि आपल्याला पंखा हवा असतो तो नेमका आयडललाच. शिवाय पूर्ण जोरात फिरला तरी त्याच्याकडून वीस-बावीस ॲम्पियरच मिळतात. पावसाळी रात्र धरा: हेडलाइट ९, कॉइल ४, वायपर ३-४, मागचे दिवे २, पंखा १०. बेरीज अठ्ठावीस-एकोणतीस. फरक बॅटरी भरून काढते, आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

ऑल्टरनेटर (आयडललाही वीज देणारा, डायनामोचा नवा अवतार) बसवून घ्या, मग पंखा लावा. ते जमणार नसेल तर मूळ पंखा ठेवून पुढून छोटा इलेक्ट्रिक पंखा फक्त ट्रॅफिकपुरता लावा. ऑल्टरनेटर असलेल्यांनी हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून आयडलला बॅटरीवर मीटर लावावा. १३ च्या वर असेल तर ठीक, १२.५ च्या खाली घसरत असेल तर पट्टा किंवा ऑल्टरनेटर बघा.

पहिली चाचणी

पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरा. गाडीचं नाक थोडं वर राहील अशी चढावर उभी करा, टोपण उघडं, इंजिन आयडलला. होस हाताने दाबत राहा, बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल तसं भरत जा. हवा आत अडकली तर नेमकी वरच्या होसमध्ये, थर्मोस्विचच्या टोकापाशी बसते. मग इंजिन उकळतं आणि स्विच मात्र गार. पातळी स्थिर झाली की टोपण लावा. एकदा दाब चढल्यावर ते पुन्हा उघडायचं नाही, गार होईपर्यंत अजिबात नाही.

आता वाट बघा. पंखा ज्या क्षणी लागेल तेव्हा काटा कुठे होता त्यावर बारीक खूण करा. काही मिनिटांत तो थांबला पाहिजे, मग पुन्हा लागला पाहिजे. असे चार-पाच फेरे होऊ द्या. या वेळात टाय, ओढणी, सैल बाही बोनेटपासून लांब. हा पंखा सांगून सुरू होत नाही.

पंखा चालू असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी पंख्याच्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवा. ०.३ व्होल्टच्या आत वाचन हवं. निगेटिव्ह बाजूलाही तेच. जास्त आलं तर टप्प्याटप्प्याने तार सरकवत जा, आकडा जिथे उडी मारेल तोच जोड खराब. पंधरा मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि लग बोटाने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड परत करा.

आठवडाभराने पुलीचे बोल्ट आणि पंख्याच्या पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. डिकीत एक जादा रिले, दोन २० चे फ्यूज आणि दोन्ही टोकांना पात्याच्या पिना लावलेली वीतभर जाड वायर ठेवा. घाटात रिले गेला आणि जादा रिलेही घरी राहिला, तर मेलेला रिले उपटून त्याच्या खोबणीत ३० आणि ८७ च्या जागी ती वायर घाला. फ्यूज मध्ये आहेच, पंखा लगेच फिरायला लागेल. घरी पोचल्यावर मात्र ती वायर आठवणीने काढा, कारण आता चावीचा त्याच्याशी संबंध नाही आणि तो रात्रभर फिरत बसेल.